मँक्स मांजर स्वभावाने कसं असतं? घरात सहा वर्षांची मुलगी, आम्ही दोघं नोकरीला, राहतो लीड्सला. बिनशेपटीचंच पिल्लू हवंय, घ्यावं का?

स्वभावाचं आधी सांगते, पण तुमच्या प्रश्नातला ‘बिनशेपटीचंच’ हा शब्द मला टोचला आहे, त्यामुळे उत्तराचा मोठा भाग त्यावरच जाईल. मी लिव्हरपूलला जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे. मँक्स ही आइल ऑफ मॅन या बेटावरची, शेपटी नसण्यासाठी ओळखली जाणारी जात, आणि त्या बेटाची बोट आमच्या शहरातून सुटते. या जातीवरून लोकांशी वाद घालून माझा घसा कोरडा झालाय.

मँक्स माणसाळू असतं, हे खरं. घरातलं एक माणूस ते बहुधा आपलं म्हणून निवडतं आणि त्याच्या मागेमागे स्वयंपाकघर, जिना, बाथरूम असं फिरतं. मांडीवर बसेलच असं नाही, पण तुम्ही ज्या खोलीत आहात त्या खोलीत ते असणार. सयामीसारखा आरडाओरडा करत नाही. गळ्यातल्या गळ्यात हलकं ‘र्र्र’ करत बोलतं. दारावर अनोळखी आवाज झाला की काही मँक्स घशातून गुरगुरतात. पाहुण्यांना तो राग वाटतो, पण आत आलेल्या माणसाला दहा मिनिटं दुर्लक्षित ठेवलं की बहुतेक स्वतःच येऊन हुंगतात.

टाकलेली वस्तू तोंडात धरून परत आणायची खोड बऱ्याच मँक्समध्ये असते. ती वाढवायची असेल तर कागदाचा घट्ट बोळा घ्या, एक-दोन मीटरवर टाका, तो घेऊन आपल्या दिशेने वळलं की लगेच शेंगदाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. चार-पाच फेकींनंतर थांबा. कंटाळेपर्यंत खेळवलंत तर दुसऱ्या दिवशी ढुंकून बघणार नाही. दोरा, लोकर, रबरबँड खेळायला कधीच देऊ नका. गिळलेला दोरा आतडं गोळा करून कापतो आणि मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं.

मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, पाठ आखूड, पुठ्ठा गोल. जागेवरून उडी मारून ओट्यावर आणि तिथून फ्रिजवर जायला याला वेळ लागत नाही. तोल शेपटीवाचून जातो हा निव्वळ गैरसमज आहे. शेतावर उंदीर मारायला पिढ्यान् पिढ्या ठेवलेली ही मांजरं आहेत. आडव्या दांडीचं हँडल असेल तर लोंबकळून दार उघडणारी मँक्स मी पाहिली आहेत. ज्या खोलीत त्याने जाऊ नये तिथे गोल मुठीचं हँडल लावा. मांजराचं झाड (चढायला-बसायला खांब) घ्याल तर बूड रुंद आणि जड हवं. चार-साडेचार किलोचं मांजर पळत येऊन वर झेपावलं की हलकं झाड आडवं होतं.

मँक्स कुत्र्यासारखं वागतं, असं लोक नेहमी म्हणतात. मला ही तुलना आवडत नाही, कारण तिच्या भरवशावर लोक मांजराच्या गरजा विसरतात. त्याला ठरलेल्या वेळा लागतात, लपायला जागा लागते, लिटर ट्रे स्वच्छ लागतो. तुम्ही दोघं सकाळी आठला जाऊन सहाला येणार असाल तर एकटं मँक्स कंटाळेल आणि कपाटं उघडत बसेल. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाने पळवा (खेळ झाला की काठी कपाटात), दिवसाच्या कोरड्या खाण्यातला काही भाग कोड्याच्या खेळण्यात (खटपट केली की खाणं बाहेर पडतं अशा) घाला. जमत असेल तर एकाच वेताची दोन पिल्लं घ्या.

मुलीबद्दल. मांजराचा मूड आपण निम्मा शेपटीवरून ओळखतो, इथे ती सोय नाही. तिला कान आणि पाठ बघायला शिकवा. कान आडवे झाले, बाहुल्या मोठ्या झाल्या, पाठीची कातडी थरथरली की हात काढायचा. आखूड शेपूट असेल तर रागात तेवढाच खुंट हलतो, तेही बघायचं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली, वजन दुसऱ्या हातावर. काखेत धरून लोंबकळवायचं नाही. आणि कौतुकाने पुठ्ठ्यावर थोपटायचं अजिबात नाही. कणा तिथे संपतो, त्या जागेला जोरात थोपटणं या मांजरांना दुखू शकतं. सहा वर्षांच्या मुलीला हे दोन दिवसांत कळतं, मोठ्या माणसांनाच जास्त वेळ लागतो.

आता शेपटी. मँक्समध्ये चार प्रकार सांगतात. रम्पी म्हणजे शेपटी शून्य, तिथे बोटाला खळगा लागतो. रम्पी रायझरला एक-दोन मणक्यांचा उंचवटा असतो, हात फिरवल्यावरच कळतो. स्टम्पीला आखूड खुंट. लाँगीला पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण शेपूट. चारही एकाच वेतात जन्मू शकतात, बेटावरच्या शेतांवर जन्मतच आली आहेत. पण 1970 साली बेटाच्या क्राउन नाण्यावर बिनशेपटीचं मांजर आलं, पर्यटकांच्या दुकानांत तेच, बायबलमधल्या नोहाच्या तारवाचं दार शेपटीवर आपटल्याची गोष्ट तीच. त्यामुळे शेपूट असेल तर ते मँक्सच नव्हे, असं लोकांच्या डोक्यात बसलं आहे.

ही शेपटी एका जनुकाच्या बिघाडाने जाते. गर्भात कणा घडताना जे जनुक काम करतं, त्याचीच एक प्रत बिघडलेली असते. 2013 साली त्यातले नेमके बदल संशोधकांनी दाखवले. बिघाड फक्त शेवटच्या मणक्यांवर थांबेल याची खात्री नाही. दोन्ही प्रती बिघडल्या तर गर्भ जन्माआधीच मरतो. म्हणून रम्पी आणि रम्पीचं वेत लहान असतं: हिशेबाने चारातला एक गर्भ जातो आणि जन्मलेल्या तिघांतले दोन बिघाड घेऊन येतात. रम्पी आणि बिघाड नसलेल्या पूर्ण शेपटीच्या लाँगीचा जोड लावला तर कुठलाही गर्भ या कारणाने मरत नाही आणि सरासरीने निम्मी पिल्लं बिघाड घेऊन येतात. हे माहीत असूनही पिढ्यान् पिढ्या रम्पीलाच रम्पी लावणाऱ्यांना मी मांजरप्रेमी म्हणत नाही.

एक पिल्लू सांगते म्हणजे मी इतकी का चिडते ते कळेल. एक जोडपं जेमतेम चार महिन्यांची रम्पी मादी लसीसाठी घेऊन आलं. फोनवर तिचे व्हिडिओ दाखवत होते: हॉलमध्ये सशासारख्या टुणटुण उड्या. विकणाऱ्या बाईंनी जाहिरातीत तेच लिहिलं होतं, ‘मँक्सची खास चाल’. टेबलावर ठेवली तर ती धावताना नव्हे, सावकाश चालतानाही दोन्ही मागचे पाय एकत्रच उचलत होती. पोटाखालचे केस ओले, मांडीच्या आतली कातडी लालभडक, गुदद्वाराभोवती शी वाळून चिकटलेली. डॉक्टरांनी कापसाच्या काडीने तिथे हलका स्पर्श केला. निरोगी मांजराचा तो स्नायू झटकन आक्रसतो, हिचा ढिम्म. पोट दाबून पाहिलं तर मूत्राशय चेंडूसारखं तट्ट. म्हणजे शू होत नव्हती, भरून सांडत होती. एक्स-रेमध्ये त्रिकास्थी (कण्याच्या खालच्या टोकाचं हाड) अर्धवट घडलेली दिसली. आणि हे सगळं चालू असताना त्या पिल्लाने ट्रेमधला कापसाचा बोळा पळवला, तोंडात धरून टेबलाच्या कडेपर्यंत आणला आणि माझ्या हातापाशी ठेवून घुरघुरत बसलं.

विकणाऱ्या बाईंना फोन लावला तर उत्तर आलं, “माझ्याकडची सगळी अशीच चालतात, जातच तशी आहे.” मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते: जातीने पुठ्ठा उंच असतो, धावताना मागची बाजू थोडी उसळते, हे मान्य. पण निरोगी मँक्स चालताना मागचे पाय एकाआड एक टाकतं. चालतानाची सशाची उडी म्हणजे मज्जातंतूंची तक्रार समजायची. त्या जोडप्याला मूत्राशय दिवसातून तीनदा हाताने दाबून रिकामं करायला शिकावं लागलं, शी मऊ राहावी म्हणून रोज लॅक्ट्युलोज, लघवीच्या संसर्गासाठी अधूनमधून अँटिबायोटिक. ते त्यांनी मनापासून केलं. पण जाहिरात बघताना हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून पिल्लू बघायला जाल तेव्हा चार महिन्यांच्या आतलं घेऊ नका. हा त्रास बहुतेक वेळा जन्मापासून चार-सहा महिन्यांत उघड होतो, आठ आठवड्यांच्या पिल्लात फसगत होते. त्याला फरशीवर दोन मीटर सावकाश चालवा, मागून बघा. पोटाखालचे केस हाताने चाचपा, हात हुंगा. लिटर ट्रेमध्ये शू करताना बघायला मिळेपर्यंत थांबा: एका बैठकीत धार लागली पाहिजे, थेंबथेंब नको. शी घडीव हवी. पैसे देण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून मागच्या पायांचं आणि गुदद्वाराचं रिफ्लेक्स तपासून घ्या, शंका आली तर कण्याचा एक्स-रे. दोन्ही पालक कुठल्या शेपटीचे ते विचारा. उत्तर ‘दोन्ही रम्पी, त्यांचे आईबापही रम्पी’ असेल तर उठून या. स्टम्पीच्या खुंटात सांधेदुखी होऊ शकते, म्हणून पिळलेला, ताठ खुंट हाताला दुखतो का तेही बघा. शेपूट कापून ‘स्टम्पी’ विकणारे भेटले तर लक्षात ठेवा, दिसण्यासाठी शेपूट कापणं इंग्लंडमध्ये 2006 च्या प्राणीकल्याण कायद्याने गुन्हा आहे. एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या दलालाकडून विकण्यावरही बंदी आहे, तेव्हा पिल्लू आईसोबतच बघायचा आग्रह धरा. मायक्रोचिप 10 जून 2024 पासून सक्तीची आहे, वीस आठवड्यांचं होण्याआधी.

माझं मत विचाराल तर लाँगी घ्या. मागेमागे फिरणं, बोळा आणून देणं, ते ‘र्र्र’, हे सगळं तिच्यातही असतं, कारण एकाच आईच्या कुशीतली भावंडं आहेत ती. प्रदर्शनात मान रम्पीला, म्हणून लाँगी सहसा स्वस्तही मिळते. तिला दुय्यम माल म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते: तुम्हाला मांजर पाळायचंय की नाणं?

तरीही रम्पीच घरी आली, तर रोज एकदा पुठ्ठ्याखाली बघा. शी चिकटली असेल तर कोमट पाण्याने भिजवलेल्या कापसाने पुसा, ओढू नका. खळग्याभोवतीचे केस गोल टोकाच्या कात्रीने आखूड ठेवा. किमरिकमध्ये, म्हणजे लांब केसांच्या मँक्समध्ये, हे जास्तच लागतं. ट्रे मोठा, एक कड बुटकी, वाळू बिनवासाची. निम्म्याहून जास्त खाणं ओलं द्या, पाणी दोन-तीन जागी ठेवा. दोन दिवस शी झाली नाही तर दवाखाना. ट्रेमध्ये कुंथतंय पण शू येत नाही, असं दिसलं तर त्याच तासाला. बोक्यात तर एक रात्रही थांबायचं नाही. वजन वाढू देऊ नका. चार-साडेचार किलोच्या नसबंदी झालेल्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे-सव्वादोनशे कॅलरी पुरतात, खाऊ त्यातच धरायचा. केस दुहेरी थराचे, आठवड्यातून दोनदा ब्रश. ही जात सावकाश वाढते, पूर्ण भरायला काहींना पाच वर्षं लागतात, म्हणून दोन वर्षांचं बारीक दिसतं म्हणून जास्त भरवू नका.

एवढं रागाने लिहिलं तरी हेही खरं की काळजीपूर्वक जोड लावलेली कितीतरी रम्पी धडधाकट म्हातारी होतात. चार-सहा महिने निरोगी काढलेल्या रम्पीला पुढे हा त्रास होण्याची शक्यता बरीच कमी असते. उलट किंचित आखूड शेपटीच्या लाँगीत बिघाड लपलेला असू शकतो, तेव्हा कुठलंही घ्या, नसबंदी करा. विमा पहिल्या दिवशीच काढा आणि जन्मजात दोषांबद्दलचं कलम वाचून सही करा. बऱ्याच पॉलिसी हे दोष वगळतात. इथल्या फुलांच्या गुच्छात लिली असते, ती घरात आणूच नका, तिचा परागसुद्धा मांजराच्या किडन्या घालवतो.

महाराष्ट्रातून कुणी वाचत असेल तर: ट्रेनखाली किंवा दारात शेपूट गेलेलं, किंवा जन्मतः वाकड्या शेपटीचं मांजर म्हणजे मँक्स नव्हे. आईबापांची नोंद दाखवल्याशिवाय त्या नावाने पैसे मोजू नका. मांजर गोड असेल तर तसंच घरी न्या.