जुने अ‍ॅनिमे खरोखरच अधिक चांगले होते का?

जुने अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या मालिका आणि चित्रपट, आजच्यापेक्षा खरोखर सरस होते, की हा निव्वळ गतकाळाचा मोह आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एकंदरीत ते सरस नव्हते. मात्र त्यांच्यातली एक गोष्ट आज दुर्मीळ झाली आहे आणि तिची मला मनापासून हळहळ वाटते.

१९९०च्या दशकातले जे काही आपण आज पाहतो, ते पंचवीस-तीस वर्षांच्या चाळणीतून खाली उतरलेले पीठ आहे. ‘काउबॉय बीबॉप’ टिकले; त्याच काळातल्या कितीतरी सुमार मालिकांची आज कोणी नावेही काढत नाही. आजचे अ‍ॅनिमे मात्र आपण कोंड्यासकट पाहतो.

चित्रांच्या दर्जाविषयी बोलताना हमखास ‘अकिरा’चा (१९८८) दाखला दिला जातो, पण तो मोठ्या खर्चाचा चित्रपट होता. दूरचित्रवाणीवर १९६३च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासूनच चित्रे वाचवण्याची रीत होती: चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, तीच चित्रे पुन्हा वापरायची. या काटकसरीतूनही थोर काम झाले, हे मान्यच केले पाहिजे. ‘इव्हँजेलियन’ या मालिकेच्या चोविसाव्या भागात नायक शिंजी चालवत असलेल्या महाकाय यंत्रमानवाच्या मुठीत त्याचा मित्र काओरू आहे, त्याला मारायचे की नाही याचा निर्णय शिंजीला घ्यायचा आहे, आणि सुमारे मिनिटभर पडद्यावरचे चित्र तसूभरही हलत नाही, ऐकू येते ती केवळ बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतली समूहगायकी. तो मिनिट मला आजही सोसवत नाही. परंतु ‘डीमन स्लेअर’च्या (२०१९) एकोणिसाव्या भागात नायक तांजिरोच्या तलवारीभोवती ज्वाळा उसळतात, तेव्हा हातची रेषा आणि संगणक यांचा जो मेळ जमतो, तो जुन्या मालिकांच्या आवाक्यातला नव्हता, आणि त्याला मी उणे लेखणार नाही.

मला हळहळ वाटते ती ऐसपैसपणाची. दूरदर्शनवर रविवारी आपण ज्याची वाट पाहत असू, तो मोगली (ज्यात शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता) ही मुळात १९८९ साली जपानमध्ये सुरू झालेली बावन्न भागांची मालिका. इतके भाग हाताशी असल्यामुळे पात्रांना नुसते खेळायला, रुसायला, वाढायला सवड मिळत असे. आज बहुतेक मालिका बारा-तेरा भागांचा एक हंगाम करतात आणि पुढचा हंगाम मिळेलच याची शाश्वती नसते, त्यामुळे प्रत्येक भागाला कथानक पुढे रेटावेच लागते. अर्थात लांबीचा दुरुपयोगही भरपूर झाला. पहिल्या ‘नारुतो’च्या २२० भागांपैकी १३६व्या भागापासून पुढचे जवळजवळ सगळे भाग मूळ मांगात (जपानी चित्रकथेत) नसलेल्या कथांनी भरलेले आहेत, आणि ते बघताना मी अक्षरशः कंटाळलो होतो. हंगाम पाडण्याच्या पद्धतीमुळे निदान ही भरताड तरी कमी झाली.

शिवाय सवड अगदीच संपली आहे, असेही नाही. २०२३ साली आलेली ‘फ्रीरेन’ आपण अवश्य पाहावी. पहिल्याच भागात पन्नास वर्षे सहज सरून जातात. मग हिमेलच्या अंत्यविधीला उभी असलेली, हजारो वर्षे जगणारी फ्रीरेन एकाएकी रडू लागते, कारण दहा वर्षे बरोबर प्रवास करूनही या माणसाला जाणून घेण्याचा आपण प्रयत्नच केला नाही, हे तिला तेव्हा उमगते.