प्याद्यांची बेरीज आणि इंजिनचा आकडा

या वेळी आलेल्या बुद्धिबळविषयक पत्रांचा रोख एकाच तक्रारीकडे आहे. पटावरचे मोहरे ठरलेल्या गुणांनी मोजून येणारे उत्तर आणि संगणकाचे इंजिन, म्हणजे डावाचे विश्लेषण करणारा प्रोग्रॅम, दाखवते तो आकडा यांचा मेळ बसत नाही. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : पांढऱ्याने डी४, मी डी५, पांढऱ्याने सी४ अशी सुरुवात झाली की मी सी४ वरचे प्यादे मारतो. माझ्याकडे एक प्यादे जास्त होते, तरीही इंजिन पांढऱ्याची बाजू किंचित सरस दाखवते. प्याद्याचा एक गुण कुठे गेला?

उत्तर : आपली मोजणी बरोबर आहे, पण ती त्या एका क्षणाची आहे, आणि इंजिन त्या क्षणावर थांबत नाही. ते पुढच्या लक्षावधी स्थिती धुंडाळते, दोन्ही बाजू आपापल्या परीने उत्तम चाली खेळतील असे धरते, त्या मालिकेच्या शेवटी जी स्थिती उरेल तिला आकडा देते आणि तोच आकडा मागे आणून आपल्यासमोरच्या पटाला लावते. आपल्याला दिसणारा आकडा म्हणूनच बऱ्याच चालींनंतरच्या पटाचा असतो.

हे प्यादे राखण्याचा हट्ट धरून पाहा. पांढरा ई३ खेळतो आणि त्याच्या उंटाची नजर सी४ वर पडते. आपण बी५ खेळून प्याद्याला आधार देता. पांढरा ए४ ने त्या आधारालाच धक्का देतो, आपण सी६ ने तो सावरता. पांढरा ए-पट्टीवरच्या प्याद्याने बी५ वर मारतो, आपण सी-पट्टीवरच्या प्याद्याने परत मारता. येथे थांबून मोजले तर आपल्याकडे अजूनही एक प्यादे जास्त आहे. पण सी६ चे घर रिकामे झाल्यामुळे एफ३ पासून ए८ पर्यंतचा तिरपा मार्ग आरपार मोकळा झाला आहे. पांढरा वजीर एफ३ वर येतो आणि कोपऱ्यातला हत्ती सापडतो. आता हत्ती तरी द्यायचा, नाहीतर घोडा सी६ वर आडवा घालून तो गमवायचा. इंजिनला हे सारे आपण बी५ खेळता त्याच वेळी दिसलेले असते. म्हणून जाणते खेळाडू काळ्या बाजूने ते प्यादे मारतात खरे, पण पुढे ते निमूटपणे परत देतात आणि त्या अवधीत आपले मोहरे बाहेर काढतात.

आणखी एक बारकावा. मारामारी अर्धवट असताना बेरीज केली तर ती हमखास फसवते. पांढऱ्या वजिराने काळा वजीर मारला आणि राजाने परत मारायचे अजून बाकी आहे, त्या अर्ध्या चालीपुरती पांढऱ्याची आघाडी ९ गुणांची दिसेल. यासाठी इंजिन ठरलेल्या खोलीपर्यंत, म्हणजे ठरलेल्या संख्येच्या चालींपर्यंत, पोचले तरी तिथेच आकडा देत नाही, मारामाऱ्या आटोपून पट शांत होईपर्यंत आणखी पुढे जाते. आपणही मोजावे ते पट शांत झाल्यावरच.

मुळात नुसत्या मोहऱ्यांवर मूल्यमापन करावे असे संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात प्याद्याला १, घोडा आणि उंट यांना ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९ असे गुण धरले. पण त्याच सूत्रात त्यांनी दुहेरी, मागे राहिलेल्या आणि एकाकी प्याद्यांसाठी प्रत्येकी अर्धा गुण वजा केला आणि खेळता येण्याजोग्या प्रत्येक चालीमागे एक दशांश गुण जमा धरला. म्हणजे समोरच्यापेक्षा दहा चाली जास्त उपलब्ध असतील तर शॅनन यांच्या हिशेबाने एका प्याद्याची भरपाई झाली. आपला हरवलेला गुण बहुधा तिथेच सापडेल.

प्रश्न : इंजिन अधिक १.५० दाखवते, म्हणजे दीड प्याद्याची आघाडी समजायची का? माझ्याकडच्या इंजिनची जुनी आणि नवी आवृत्ती एकाच स्थितीला वेगवेगळे आकडे देतात. खरा कोणता?

उत्तर : पूर्वी तसे समजणे फारसे चुकीचे नव्हते. प्याद्याचा शंभरावा भाग हे एकक धरून प्रोग्रॅम लिहिणारे लोक मोहऱ्यांची किंमत, राजाची सुरक्षितता, मोकळ्या पट्ट्या अशा गोष्टींना हाताने गुण ठरवून देत, आणि आकडा म्हणजे त्या सर्वांची बेरीज असे. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी विकसित केलेले छोटे, वेगवान न्यूरल नेटवर्क स्टॉकफिश या इंजिनने २०२० मधल्या १२ व्या आवृत्तीत स्वीकारले, आणि २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत हाताने लिहिलेले जुने मूल्यमापन पुरते काढून टाकले. असंख्य स्थितींवर शिकवलेल्या या नेटवर्कमध्ये ‘हत्ती म्हणजे ५’ अशी ओळ शोधून सापडणार नाही.

मधल्या काळात, २०२२ च्या अखेरीस आलेल्या १५.१ या आवृत्तीपासून, स्टॉकफिशच्या आकड्याचा अर्थच नव्याने बांधून घेण्यात आला. अधिक १.०० म्हणजे स्टॉकफिश स्वतःच्याच तोडीच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळले तर या स्थितीतून जिंकण्याची शक्यता ५० टक्के. उरलेल्या निम्म्यात बहुतेक डाव बरोबरीत सुटतील असे धरावे, कारण त्या पातळीवर सरस स्थितीतून हरणे विरळाच. तेव्हा आपल्या दोन्ही आवृत्त्या आपापल्या मापाने बरोबर आहेत, मापे मात्र वेगळी आहेत. मोहऱ्यांची बेरीज अगदी समान असतानाही आकडा अधिक १.५० असू शकतो, आणि एक प्यादे जास्त असताना तो ०.४० वरही अडून राहू शकतो.

यावरून एक व्यवहारातली गोष्ट निघते. आकडा अधिक ८ वरून अधिक ५ वर आला तर डावाच्या निकालात काहीच बदललेले नसते. तोच अधिक अर्ध्यावरून उणे अडीचवर आला तर डाव गेला म्हणायचा. वजाबाकी दोन्हीकडे तीनच. डाव संपल्यावर स्वतःच्या चुकांची यादी करताना नुसती वजाबाकी पाहणाऱ्यांची मला मौज वाटते, कारण जिंकलेल्या डावात सोपा मार्ग निवडल्याबद्दल ते स्वतःला दोष देत बसतात.

प्रश्न : माझ्या प्रतिस्पर्ध्याने हत्ती देऊन माझा उंट घेतला, शिवाय एक प्यादे मिळवले. शालेय हिशेबाने मी एका गुणाने पुढे आहे. इंजिन मात्र जवळजवळ शून्य दाखवते. हे कसे?

उत्तर : आपल्याकडे पूर्वी दोन्ही उंट होते का, हे आपण लिहिलेले नाही. असतील तर उत्तर तिथेच आहे. बुद्धिबळपटू लॅरी कॉफमन यांनी खेळल्या गेलेल्या डावांच्या मोठ्या संग्रहाचा अभ्यास करून १९९९ मध्ये घोडा व उंट प्रत्येकी ३.२५, हत्ती ५, वजीर ९.७५ अशी मूल्ये मांडली आणि उंटांच्या जोडीला वेगळे अर्धे प्यादे दिले. या मापाने हत्ती आणि उंट यांतला फरक २ नव्हे तर १.७५ होतो. आपली जोडी मोडली म्हणून अर्धा गुण गेला, उरला सव्वा. प्रतिस्पर्ध्याने एक प्यादेही घेतले, उरला पाव. पाव गुण म्हणजे पटावर एखादे घर कोणाच्या ताब्यात आहे एवढ्यावर फिरणारी गोष्ट.

घर किती महाग असते याचा दाखला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या, १९५३ च्या झ्युरिक येथील कँडिडेट्स स्पर्धेत मिळतो. सॅम्युअल रेशेव्हस्की यांच्याविरुद्ध काळ्या बाजूने खेळणाऱ्या टिग्रान पेट्रोशियन यांनी पंचविसाव्या चालीला आपला हत्ती शांतपणे ई६ वर, पांढऱ्या उंटाच्या माऱ्यात, नेऊन ठेवला. कोणताही हल्ला त्यामागे नव्हता. पांढऱ्याची मधली प्यादी पुढे घुसू पाहत होती, त्यांना अडवण्यासाठी काळ्या घोड्याला डी५ चे घर हवे होते. तिथपर्यंत पोचायला मोकळी वाट हवी होती, आणि पांढऱ्या घरांवर हुकूमत ठेवणारा रेशेव्हस्की यांचा उंट हत्तीच्या बदल्यात पटावरून गेला की त्या घोड्याला हुसकावणारे कोणी उरत नव्हते. डाव बरोबरीत सुटला.

आपल्या स्थितीत कोणत्या मोहऱ्याची किंमत किती हे पाहायचे असेल तर एक सोय आहे. स्टॉकफिश पट दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमविना थेट चालवून, स्थिती भरून, ‘इव्हॅल’ (eval) ही आज्ञा द्यावी. नेटवर्क असलेल्या अलीकडच्या आवृत्त्यांत पटाचे एक चित्र उमटते आणि राजे सोडून प्रत्येक मोहऱ्याखाली त्याची किंमत छापली जाते. ती काढण्याची रीत साधी आहे : तो मोहरा पटावरून उचलायचा, आकडा पुन्हा काढायचा आणि दोन्हींतला फरक लिहायचा. एकाच रंगाचे दोन घोडे शेजारी असूनही त्यांच्या किमतीत केवढी तफावत असते हे एकदा पाहिले की तीन गुणांवरचा विश्वास आपोआप सैल होतो. मात्र या आकड्यांत पुढच्या चालींचा शोध नसतो, ते नुसते त्या क्षणाचे मत असते, त्यामुळे मारामारी चालू असताना ते वाचू नये.

प्रश्न : माझ्याकडे पांढऱ्या घरांवरचा उंट आणि एच-पट्टीवरचे प्यादे, प्रतिस्पर्ध्याकडे एकटा राजा. चार गुणांची आघाडी असूनही डाव बरोबरीत गेला. माझे काय चुकले?

उत्तर : त्याचा राजा एच८ च्या कोपऱ्यात पोचला असेल तर तिथपासून पुढे आपले काहीच चुकले नाही. आपले प्यादे वजीर होणार ते घर काळे, आणि आपला उंट पांढऱ्या घरांवरचा. राजाला त्या कोपऱ्यातून हुसकावण्याचे साधनच आपल्याकडे नाही, फार रेटले तर स्टेलमेट होते, म्हणजे राजाला शह नसताना त्याची एकही चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. चूक झाली असेल तर ती आधी, या अंत्यस्थितीत शिरताना.

अशा ठिकाणी इंजिनला टेबलबेसची जोड द्यावी. राजांसह सातपर्यंत मोहरे-प्यादी उरलेल्या स्थितींची पूर्ण सोडवलेली कोष्टके २०१८ पासून सिझिगी या स्वरूपात उपलब्ध आहेत. ती जोडली की अंदाज संपतो आणि ‘विजय, बरोबरी किंवा पराभव’ एवढेच उत्तर येते. मोहऱ्यांच्या बेरजेची सर्वांत गमतीदार फजितीही याच प्रदेशात आढळते. राजा आणि दोन घोडे यांना एकट्या राजावर सक्तीने मात करता येत नाही, म्हणजे सहा विरुद्ध शून्य असूनही बरोबरी. पण त्या एकट्या राजाकडे एक प्यादे असेल आणि ते फार पुढे गेलेले नसेल, तर घोडेवाला अनेकदा जिंकतो. कारण राजा कोंडला गेला तरी प्याद्याची चाल शिल्लक असते आणि स्टेलमेटचा आसरा मिळत नाही. रशियन कूटरचनाकार अलेक्सेई त्रॉइत्स्की यांनी या स्थितींचा अभ्यास संगणकाच्या कितीतरी आधी केला होता.

सातपेक्षा जास्त मोहरे असतील तर एक कसोटी हाताशी ठेवावी. आकडा अधिक २ दाखवतो आहे, पण इंजिनला स्वतःविरुद्ध तीसेक चाली खेळू दिल्यावरही तो तसाच राहतो आणि मोहरे नुसते इकडून तिकडे सरकतात, असे दिसले तर समोरच्याने अभेद्य तटबंदी उभारली असण्याचा दाट संभव आहे. भिन्न रंगांच्या घरांवरचे उंट असताना तर दोन प्याद्यांची आघाडीही अशी वाया जाते.

प्रश्न : आकड्यापुढचे अधिक-उणे नेमके कोणाच्या बाजूने वाचायचे?

उत्तर : बहुतेक प्रोग्रॅम पडद्यावर पांढऱ्याच्या बाजूने दाखवतात. इंजिन स्वतः मात्र ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने आकडा सांगते, आणि ते थेट चालवले तर तोच दिसतो. मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ काळ्या बाजूचा एक हरलेला डाव जिंकलेला समजून त्यातला विजय शोधत बसलो होतो, तेव्हा ही खात्री आधी करून घ्यावी.

प्रश्न : मग इंजिनसह डाव तपासण्याची आपली पद्धत कोणती?

उत्तर : आधी इंजिन बंद ठेवतो. डाव पुन्हा खेळून, पट शांत असेल अशा आठ-दहा ठिकाणी मोहऱ्यांची बेरीज आणि कोण सरस वाटते याविषयीचे स्वतःचे मत कागदावर लिहितो. नंतर इंजिनला एकाऐवजी तीन चाली दाखवायला सांगतो, कारण पहिली आणि तिसरी चाल यांत दहा शतांशांचाच फरक असेल तर तिथे काही मोठे चुकलेले नसते, आणि पहिली सोडून बाकी साऱ्या चालींत मोहरा जात असेल तर ती जागा पुन्हा पाहण्याजोगी असते. जिथे माझी बेरीज एका बाजूला आणि इंजिनचा आकडा दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच जागा निवडतो. तिथून इंजिनची ओळ पटावर प्रत्यक्ष खेळत जातो आणि बेरीज आकड्याला कुठे येऊन मिळते ते पाहतो. बहुतेक वेळा चार-पाच चालींत मोहरा किंवा प्यादे पडते आणि कारण समोर येते. दहा-बारा चालींनंतरही बेरीज हलली नाही, तर प्रश्न घरांचा, पट्ट्यांचा किंवा राजाचा आहे असे समजून मी इंजिन पुन्हा बंद करतो, कारण आकड्यामागचे कारण शब्दांत सांगणे त्याला जमत नाही.