वाचक विचारतात : कासव रस्त्यात दिसलं तर?

प्रश्न : परवा पहाटे रस्त्याच्या मधोमध एक मोठं कासव चाललेलं दिसलं. उचलून गाडीत ठेवलं आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या तलावात सोडून आलो, तिथे पाणी भरपूर आहे. बरोबर केलं ना?

तुम्ही थांबलात याचंच आधी खूप बरं वाटलं, बरेच जण थांबत नाहीत. पण पुढच्या वेळी एवढं लांब नेऊ नका. पाण्यातलं कासव रस्त्यावर उगाच येत नाही, आणि अंडी घालायचा सीझन असेल तर ती बहुतेक मादीच असते, ऊन लागेल अशी मोकळी, भुसभुशीत जमीन शोधायला निघालेली. अशी मादी परक्या तलावात सोडली तर ऊन खायचा ओंडका कुठेय, खायला कुठे मिळतं, लपायचं कुठे, काहीच तिला माहीत नसतं, मग ती पुन्हा आपलं जुनं पाणी शोधत निघते आणि वाटेत आणखी रस्ते लागतात.

तिचं तोंड ज्या बाजूला होतं त्याच बाजूला, रस्त्यापलीकडे नेऊन ठेवायची, बास. दोन्ही हातांनी कवचाच्या कडा धरा, जमिनीपासून फार उंच उचलू नका, आणि शेपटीला धरून तर कधीच उचलू नका कारण मणक्याला इजा होते. मऊ पाठीच्या कासवांपासून मात्र जपून, त्यांची मान लांब असते, ती पार मागे वळून चावतात, त्यांना गाडीतल्या मॅटवर घेऊन ओढत न्यावं.

आता एका मादीसाठी एवढं का सांगतोय ते ऐका. अमेरिकेत ब्लँडिंग्ज टर्टल नावाचं कासव आहे, त्याच्या मादीला पहिली अंडी घालायलाच १४ ते २० वर्षं लागतात! मिशिगनमध्ये अभ्यासक तिथल्या कासवांच्या कवचाच्या कडेला बारीक खाचा पाडून खूण करतात, तर १९५४ मध्ये खूण केलेली एक मादी २०१६ मध्ये पुन्हा सापडली, तेव्हा तिचं वय कमीत कमी ८३ होतं. अंडी आणि पिल्लं तर बहुतेक खाल्लीच जातात, हे आधीपासूनच तसं आहे, आणि ती तूट भरून निघते ती फक्त मोठी मादी वर्षानुवर्षं अंडी घालत राहते म्हणून. ती गाडीखाली गेली किंवा मासे धरायच्या जाळ्यात अडकून बुडून मेली (हो, कासव बुडतं, त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं) तर तिची जागा भरायला वीसेक वर्षं जातात.

प्रश्न : तळ्याकाठी कासवाची अंडी सापडलीत. कुत्री उकरतील अशी भीती वाटते. घरी आणून बल्बखाली उबवली तर?

नका आणू, प्लीज. कोंबडीचं अंडं उबवताना फिरवत राहतात, कासवाचं उलट असतं, अंडं घातल्यावर साधारण दिवसभरात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरू शकतो. शिवाय बऱ्याच जातींत नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. लाल कानाचं स्लायडर म्हणून घरी पाळायचं एक कासव मिळतं, त्याचं सांगायचं तर २६ अंशांच्या आसपास सगळे नर, ३१ च्या आसपास सगळ्या माद्या, म्हणजे बल्ब थोडा जवळ-लांब झाला तरी हिशोबच बदलला.

भीती मात्र तुमची खरी आहे. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी कोल्ह्यांनी ९० टक्क्यांहून जास्त घरटी उकरल्याची नोंद आहे. तर आहे त्या जागीच वरून तारेची जाळी टाका, कडा नीट रोवा, फक्त भोकं अशी हवीत की पिल्लू त्यातून आरामात बाहेर पडेल.

प्रश्न : मुलीसाठी नाण्याएवढं कासव आणलं होतं, आता ते ताटलीएवढं झालंय, टाकी पुरत नाही. जवळच्या तळ्यात सोडू का?

नाही. ते बहुतेक लाल कानाचं स्लायडर असणार, मूळचं मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, आणि जगातल्या सगळ्यात घातक १०० आगंतुक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. हे तिथल्या कासवांना ऊन खायच्या जागेवरून हुसकावतं, त्यांचं खाणं खातं. युरोपीय संघाने तर १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. प्राण्यांच्या रेस्क्यू सेंटरला विचारा, तोवर मोठी टाकी घ्या, ते आणखी २०-३० वर्षं जगू शकतं, ही जबाबदारी आपण घेतलीय.

प्रश्न : तळ्यात कासवं नसली तर असं काय बिघडतं?

मेलेला मासा तळ्यात फुगून तरंगतो, सडतो, पाण्यातला ऑक्सिजन खातो. कासवं तो खाऊन टाकतात. ऑस्ट्रेलियात मेलेले कार्प मासे टाकून प्रयोग केला तर जिथे कासवं होती तिथे मासे लवकर संपले आणि पाणीही लवकर सुधारलं.

प्रश्न : गाडीने धडक दिलेलं, कवच फुटलेलं कासव दिसलं तर ते मेलंच समजायचं का?

अजिबात नाही! कवच म्हणजे जिवंत हाड, त्याला रक्तपुरवठा असतो, ते भरून येतं. पाण्यात सोडू नका, कोरड्या खोक्यात ठेवून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मादी मेलेली असली तरी न्या, पोटातली अंडी चांगली असली तर काढून उबवता येतात आणि त्यातून पिल्लं निघालेली आहेत. आणि सापडलं ती नेमकी जागा लिहून ठेवा, बरं झाल्यावर तिथेच सोडायचंय.