सोलापुरात विजापूर रोडवरचं तीस-पस्तीस वर्षं जुनं घर रंगवायचंय. काम मटेरियलसह द्यावं की मजुरीवर?

मजुरीवर द्या आणि रंग, पुट्टी, प्रायमर स्वतः दुकानातून आणा. मी बांधकामावर देखरेखीचं काम करतो, म्हणून सांगतो: जुन्या घरात खरा खर्च रंगाचा नसून भिंत तयार करण्याचा असतो, आणि सगळं काम मटेरियलसह एकरकमी ठेक्यावर दिलं की काटछाट तिथेच होते. पापुद्रे न खरवडता वरून पुट्टी, प्रायमर गायब, रंगात जास्तीचं पाणी. त्यामुळे खरवडणं, तडे भरणं, प्रायमर, किती हात हे सगळं कागदावर वेगवेगळं लिहून घ्या. चौरस फुटाचं मोजमाप दोघांनी मिळून करा. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही हेही आधीच ठरवा, भांडणं नेमकी त्यावरूनच होतात. पाया काळ्या मातीत असेल तर ती माती ओलीने फुगते, सुकली की आकसते, आणि तडे हंगामाप्रमाणे उघडमिट करतात. ते व्हाइट सिमेंटने नव्हे, लवचिक क्रॅक फिलरने भरून घ्या. ओल किंवा खारवा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) असेल तर आधी गळती काढा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात रंग फुगणारच. खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं (रंगातल्या शिशावरची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची, कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनची आहे), म्हणून तो कोरडा न घासता ओला करून घासायला लावा. लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. एप्रिल-मे टाळा, तापलेल्या भिंतीवर रंग नीट बसत नाही.

मात्र रोज कामावर थांबायला घरात कुणी नसेल, तर मटेरियलसहच द्या; फक्त कंपनी आणि रंगाचा प्रकार लिहून घ्या, सीलबंद डबे समोर उघडायला सांगा आणि शेवटचा हप्ता काम पाहूनच द्या.