दोघंच राहतो, एसी नाही, तरी २१५ युनिट कसे?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सांगलीत विश्रामबागला भाड्याचा वन बीएचके, नवरा-बायको दोघंच, दिवसभर दोघंही कामावर, एसी नाही, तरी युनिट दुपटीनं वाढून २१५ झाले आणि पैसे त्याहूनही जास्त वाढून बिल दोन हजार तीनशेच्या घरात. घरमालक म्हणतात फ्रीज जुना झालाय, बदलायचा का?

एवढ्यात बदलू नका. मी सव्वा वर्ष एका निरपराध फ्रीजला शिव्या घातल्यात, म्हणून सांगतो.

आधी आज रात्री एक काम करा. जेवणं झाली की घरातला मेन बंद करा आणि खाली मीटरपाशी जा. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो आणि तिथंच ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० चा अर्थ, तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. मेन बंद असताना तो लुकलुकता कामा नये. काही मीटरांचा दिवा अशा वेळी एकसारखा पेटून राहतो, त्याला काही अर्थ नाही. लुकलुकणं थांबलं तर चोर घरात आहे. चालूच राहिलं तर घराबाहेर.

माझा बाहेर होता.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. विजेतलं शिक्षण शून्य, पण ताळा जुळला नाही की मला जेवण जात नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या पार्किंगमधला मीटरबोर्ड बुडाला. आम्ही पहिल्या मजल्यावर, घरात पाणी आलं नाही, पण लाइट नव्हती तेवढ्या दिवसांत फ्रीजमध्ये सगळं सडलं आणि तो वास चुना, लिंबू, कोळसा, कशालाही बधला नाही. शेवटी नवा फ्रीज घेतला. सोसायटीनं मीटरबोर्ड जिन्यात वर चढवून घेतला. दिवाळीनंतर बघतो तर ११० युनिटांवर राहणारे आम्ही १९० वर. नवीन घरात आलेली वस्तू एकच, त्यामुळं आळ फ्रीजवर. बायको म्हणायची, नवी सून आणि नवा फ्रीज, घरात काहीही बिघडलं की यांचंच नाव.

पुढं लॉकडाऊन लागलं. रीडिंग घेणं थांबलं, सरासरीची बिलं आली आणि २०२० च्या जूनमध्ये अख्ख्या महाराष्ट्राचीच बिलं फुगली. त्या गर्दीत माझं रडगाणं कोण ऐकणार?

२०२१ च्या जानेवारीत मी एक जुनी वही घेतली आणि रोजकीर्द लिहितात तसं मीटर लिहायला लागलो. सकाळी सहाला एक आकडा, रात्री दहाला एक. मीटरवर तारीख, व्होल्टेज असं बरंच काही फिरत राहतं, त्यातला केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटांचा, तेवढा घ्यायचा. आठ दिवसांत दिसलं की आम्ही झोपल्यावर, रात्री दहा ते सकाळी सहा, जवळजवळ पावणेतीन युनिट पडतायत. थंडीमुळं पंखा बंद. चालू काय, तर फ्रीज आणि सेटटॉप बॉक्स. दोघांचे मिळून फार तर पाऊण युनिट. दोन युनिटांची तूट रोज रात्री, आणि तीही अगदी नियमित. बिघडलेली वस्तू इतकी नियमित खात नाही, ती कधी कमी खाते कधी जास्त. हे माणसानं लावलेलं काहीतरी आहे, एवढं माझ्या लक्षात आलं.

नवव्या रात्री मेन बंद करून मोबाइलच्या उजेडात जिन्यात उभा राहिलो. घरात काळोख आणि माझा मीटर मजेत लुकलुकतोय. घड्याळ लावून मोजलं: दहा वेळा लुकलुकायला पंचेचाळीस सेकंद, म्हणजे साडेचार सेकंदांना एकदा. ३२०० च्या मीटरचा हिशोब सोपा आहे, ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, किती वॅट चालू आहेत ते मिळतं. (१६०० चा असेल तर २२५० ला भागा.) माझं उत्तर आलं २५०. कुठली वस्तू अडीचशे वॅट खाते, असा विचार करत कठड्याला टेकलो आणि खाली पार्किंगकडं नजर गेली. पाच ट्यूब जळत होत्या. जुन्या, चोकवाल्या, चोक धरून प्रत्येकी पन्नास वॅट.

खाली जाऊन पार्किंगचा स्विच पाडला, वर आलो. लाल दिवा स्थिर.

पुरानंतर बोर्ड हलवला तेव्हा सोसायटीचा सामाईक मीटर लागायचा होता, म्हणून वायरमननं पार्किंगची लाइन माझ्या मीटरच्या पुढं जोडून दिली होती. तात्पुरती. संध्याकाळी सात ते सकाळी सहा, रोज पावणेतीन युनिट, महिन्याला ८२. ११० मध्ये ८२ मिळवा, माझं बिल समोर येतं. चौदा महिन्यांचा हिशोब घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींकडं गेलो तर ते आधी म्हणाले, "दिवाणजी, उजेडात तुम्हीपण गाडी लावताच की." खरंय, पण मग आठवा हिस्सा माझा, सात तुमचे. मेंटेनन्समधून वळते करून घेतले.

तुमचंही असंच असेल असं नाही. बाहेरचा आणखी एक प्रकार असतो, न्यूट्रल एकमेकांत मिसळल्याचा. आपल्याकडची मीटरं फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) दोन्ही तारांतला करंट मोजतात आणि जास्त असेल तो धरतात. शेजारच्या फ्लॅटचा न्यूट्रल चुकून तुमच्यात आला असेल तर त्यांची इस्त्री तुमच्या खात्यावर. मीटरवर 'ई.एल.' किंवा 'अर्थ' लिहिलेला दिवा लागलेला दिसला तर हा संशय घ्यायचा. पण उलगडा वायरमनकडूनच करून घ्या. मीटरच्या सीलला आणि आतल्या तारांना स्वतः हात लावू नका, जीवही जाईल आणि वीजचोरीचा आळही येईल.

मेन पाडल्यावर दिवा थांबला तर आत या. सगळ्या एमसीबी, म्हणजे मेनशेजारचे एकेका लाइनचे छोटे स्विच, पाडा, एकेक चढवा आणि प्रत्येक वेळी बायकोला किंवा कुणाला तरी मीटरपाशी उभं करून सेकंद मोजायला लावा. गीझरपासून सुरुवात करा. माझी बहीण साताऱ्याला शाहूपुरीत असते, तिच्याकडं गीझर चोवीस तास चालू, कारण "तो आपोआप बंद होतो की". होतो. पण तिचा गरम पाण्याचा नळ गळत होता. थेंब थेंबच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. रात्री खाली बादली लावून ठेवली, सकाळी काठोकाठ. सोळा लिटरची बादली ३५ अंशांनी तापवायला साधारण ०.६५ युनिट लागतं. दिवसाच्या दोन बादल्या धरल्या तरी महिन्याला चाळीस युनिट मोरीतून वाहून जात होते. नळाचा वॉशर केवढ्याचा असतो, ते तुम्हाला माहीत आहे.

फ्रीजवर अगदीच संशय असेल तर बाकी सगळं बंद करून रात्रभर एकटा फ्रीज चालू ठेवा आणि सकाळचा आकडा बघा. दाराचं रबर सैल आहे का तेही बघा, कागदाची चिठ्ठी दारात अडकवून ओढायची, सहज निघाली तर सैल. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, नवे बीएलडीसी मोटरचे तीसच्या आसपास. सेटटॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी खातो, महिन्याला आठ-नऊ युनिट. मिक्सर आणि मोबाइल चार्जरच्या मागं लागू नका, त्यांच्यात काही नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी, खरं तर आत्ताच, बिल हातात घ्या. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक एकच आहे ना? तुम्ही भाडेकरू, चाव्या हातात आल्या तेव्हा कुणी 'हा तुमचा मीटर' म्हणून बोट दाखवलं असेल, तेवढ्यावर जाऊ नका. मागील आणि चालू रीडिंग बघा, रीडिंगच्या जागी सरासरी किंवा लॉक असं काही, म्हणजे प्रत्यक्ष रीडिंग न घेतल्याची खूण, लिहिलंय का बघा. थकबाकी शिल्लक असेल तर ती तुमच्या आधीच्या भाडेकरूची असू शकते. सुरक्षा ठेवीचं बिल वेगळं येतं, ते वापरात मिळवू नका.

तुम्ही म्हणता युनिट दुपटीनं वाढले पण पैसे त्याहून जास्त, त्यात काही गडबड नाही. शंभर युनिटांच्या पुढचा दर, वहन आकार (वीज पोचवण्याचा खर्च) धरूनही, पहिल्या शंभराच्या जवळजवळ दुप्पट पडतो, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून माझ्यासारखे परके ८०-९० युनिट सापडले तर जातील ते सगळे महागातलेच.

घरमालकांशी एवढ्यात काही बोलू नका. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा, प्रत्येक वेळी मीटरचा फोटो काढून ठेवा. आणि उद्या मला एवढंच कळवा: मीटरवर ३२०० आहे की १६००, आणि मेन बंद असताना दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागले.