जाड मॉडेल्स आवडणं विचित्र आहे का, आणि व्हिडिओची टेक्नॉलॉजी खरंच 'तसल्या' फिल्म्समुळे पुढे आली का?

विचारणाऱ्यांनी एका प्रश्नात तीन प्रश्न घातलेत. प्लस साइज ग्लॅमर मॉडेल्स आवडतात आणि मित्र हसतात तर आपल्यात काही गडबड आहे का, व्हीएचएस कॅसेटपासून व्हीआरपर्यंत सगळं अडल्ट फिल्म्समुळेच आलं म्हणतात ते खरं का, आणि मग व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून बघायचा तो पडदा) घेऊ का. चालतंय की, माझ्या डोक्यात पण हे तिन्ही एकमेकांत गुंतलेलेच आहेत.

आधी ओळख. मी मिरजेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, वीस वर्षं होऊन गेली, आणि जाड मॉडेल्सचा फॅन त्याच्याही आधीपासूनचा. बायकोला लग्नानंतर महिन्याभरात कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, मग मला काडी पैलवानाला कशाला पसंत केलंस. त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तर विचित्र वगैरे काही नाही हो. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जाताच ना, मग तिथेच शेजारी चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जी जोडपी कोरलीत ती पाच मिनिटं थांबून बघा, भरलेले दंड, रुंद कंबर, मांड्या तर खांबासारख्या, आणि उभं राहणं असं ऐटीत की जागा आमच्या बापाची. दोन हजार वर्षांच्या आसपासचं काम आहे ते. तुमचे मित्र ज्याला हसतात ते तेव्हाच्या कारागिराला देखणं वाटत होतं, विषय संपला.

अमेरिकेतलं सांगायचं तर १९५०च्या दशकात ब्राउन अँड बिगेलो या कॅलेंडर कंपनीसाठी ड्वेन ब्रायर्स नावाचा चित्रकार हिल्डा काढायचा, लाल केसांची, गुबगुबीत, कायम कुठेतरी धडपडणारी बाई, आणि मजा म्हणजे चित्रात गंमत आहे पण तिच्या जाडीची टिंगल नाही, ती बिनधास्त मजेत आहे. मला ग्लॅमर म्हणजे काय ते हिल्डा बघून कळलं. पुढे १९७९ला कॅरोल शॉ या बाईंनी जाड बायकांसाठी फॅशनचं मासिक काढलं, बिग ब्युटिफुल वुमन, त्याचंच बीबीडब्ल्यू झालं, आणि आज तो शब्द अडल्ट साइटवर कॅटेगरी म्हणून दिसतो. बाईंनी आदरानं घडवलेला शब्द कुठे जाऊन पोचला बघा.

मोठ्या ग्लॅमरवाल्यांनी मात्र फार उशीर केला. १९९३ला अ‍ॅना निकोल स्मिथ प्लेबॉय मासिकाची प्लेमेट ऑफ द इयर झाली, गेस जीन्सच्या जाहिरातीत पण तीच होती, आणि तो काळ सगळा केट मॉससारख्या काटकुळ्या मॉडेल्सचा, त्यामुळे तिला 'भरलेल्या अंगाची' म्हणायचे, आज बघितलं तर ती जाड कुठून वाटली देव जाणे. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या अमेरिकन मासिकाचा स्विमसूट अंक १९६४पासून निघतोय, त्याच्या कव्हरवर पहिली प्लस साइज मॉडेल, अ‍ॅशली ग्रॅहम, यायला २०१६ उजाडलं. बावन्न वर्षं! आपल्याकडे मुंबईत लॅक्मे फॅशन वीकमध्ये प्लस साइज मॉडेल्सचा शो झाला तो पण २०१६लाच. टेस हॉलिडे ही प्लस साइज मॉडेल २०१८ला ब्रिटनच्या कॉस्मोपॉलिटन मासिकाच्या कव्हरवर आली तेव्हा लोकांनी केवढा दंगा केला, म्हणे लठ्ठपणाची जाहिरात करताय. सिगारेट ओढणारी बारीक मॉडेल छापली तेव्हा हे लोक कुठे होते ते विचारू नका.

आणि एक आतली गोष्ट, फॅशनवाल्यांच्या 'प्लस साइज'वर डोळे झाकून जाऊ नका. त्यांना चेहरा बारीक, हनुवटी टोकदार आणि फक्त खालचं अंग भरलेलं असं हवं असतं, मग मध्यम अंगाच्या मुलीला कपड्यांच्या आत पॅडिंग लावून जाड दाखवतात, हे खुद्द मॉडेल्सनीच सांगितलंय. पुरणपोळी म्हणून मैद्याची पोळी वाढण्यातला प्रकार.

आता दुसरा प्रश्न. व्हिडिओ कॅसेटचे दोन प्रकार होते, सोनीचं बेटामॅक्स १९७५ला आलं, जेव्हीसी कंपनीचं व्हीएचएस १९७६ला, आणि शेवटी व्हीएचएस जिंकलं. लोक छातीठोकपणे सांगतात की सोनीनं अडल्ट फिल्म्सना दार बंद केलं म्हणून बेटा मेलं. मी पण कितीतरी वर्षं हेच सांगत फिरायचो. पण तसल्या फिल्म्स बेटावर पण मिळायच्या, खरी भानगड साधी होती, सुरुवातीच्या बेटा कॅसेटवर एक तास मावायचा आणि व्हीएचएसवर दोन तास, एका तासात पिक्चर बसतोय होय? वर जेव्हीसीनं बाकीच्या कंपन्यांना मशीन बनवायला मोकळं सोडलं, त्यामुळे भाव उतरले.

आणि हा नियम खरा असता तर पुढच्या भांडणात पण लागू पडला असता ना. डीव्हीडीच्या पुढच्या दोन डिस्कची, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीची, मारामारी लागली तेव्हा पण लोक म्हणत होते की अडल्टवाले जिकडे तेच जिंकणार, आणि ते झुकलेले एचडी डीव्हीडीकडे. जानेवारी २००८ला वॉर्नर हा हॉलिवूडचा स्टुडिओ ब्लू-रेकडे गेला आणि फेब्रुवारीत तोशिबानं एचडी डीव्हीडी गुंडाळली. तसंच डीव्हीडीत एक सोय होती, रिमोटवर अँगलचं बटण दाबलं की त्याच सीनचा दुसरा कॅमेरा दिसायचा, ती अडल्टवाल्यांनी भरपूर वापरली, बाकी जगानं फारसं ढुंकून बघितलं नाही, सोय मेली. म्हणजे त्यांनी हात लावला की सोनं होतं असं काही नाही.

मग त्यांचं खरं काम काय, तर नवीन वस्तू महाग असते, अडखळते, आणि तेव्हा सुद्धा पैसे मोजायला तयार असलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडे असतं. फ्रान्समध्ये इंटरनेटच्या आधी मिनिटेल होतं, टेलिफोनला जोडलेला छोटा पडदा, त्यावर चावट गप्पांची सेवा एवढी चालली की तिला 'गुलाबी मिनिटेल' नाव पडलं, आणि ते यंत्र २०१२पर्यंत टिकलं. अमेरिकेत डॅनी अ‍ॅश ही ग्लॅमर मॉडेल, तिनं पुस्तक वाचून स्वतः एचटीएमएल (साइट बनवायची भाषा) शिकून १९९५ला स्वतःची साइट काढली, मधले दलाल बाजूला. जाड मॉडेल्सच्या चाहत्यांना हाच रस्ता उपयोगी पडला. मासिकाच्या दुकानदाराकडे जागा थोडी, त्याला खपणारा अंकच ठेवायला लागतो, पण कॅसेट पोस्टानं आणि नंतर साइट घरात, तिथे जागेचा प्रश्नच नाही. अ‍ॅशली ग्रॅहमला कव्हर मिळायच्या वीस वर्षं आधी आमच्यासारख्यांना आमच्या मॉडेल्स सापडलेल्या होत्या त्या अशा.

इथपर्यंत टेक्नॉलॉजीचं कौतुक. आता माझी खरी तक्रार, कारण हेच मशीन दुसऱ्या हातानं ते अंग पुसून टाकतं, आणि ते मी रोज माझ्या टेबलावर बघतो.

२००९-१०च्या सुमारास घरोघरी रुंद एलसीडी टीव्ही आले. आमचे लग्नाचे कॅसेटवरचे शूटिंग सगळे चारास तीनचे (रुंदी चार, उंची तीन), आणि टीव्ही सोळास नऊचा, लोकांना बाजूला काळ्या पट्ट्या नको असायच्या म्हणून चित्र ताणून बघायचे. ताणलं की सगळं ३३ टक्के रुंद होतं, म्हणजे पंधरा इंचाचे खांदे वीस इंच. मला फोन यायचे, अहो आमची पोरगी एवढी जाड कशी काय केलीत, पैसे परत द्या. एका काकूंच्या घरी जाऊन रिमोटवर आस्पेक्ट रेशो, म्हणजे हेच रुंदी-उंचीचं प्रमाण, बदलून दिला तर त्या म्हणाल्या, आता बरोबर हाय, पण जावई बारीक झाला की हो.

आता उलटं. प्रत्येक नवरी सांगते, दादा, जरा बारीक करा. मी काय करतो, क्लिपची रुंदी १०० वरून ९४ करतो, कुणाला कळत नाही. पण एकदा हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ मागे राहिलं आणि ते अंड्यासारखं दिसायला लागलं, नवरीच्या भावानं नेमकं तेच पकडलं. तेव्हापासून मी मॉडेल्सचे फोटो बघताना पण आधी गोल वस्तू आणि दाराची चौकट बघतो. कंबर आत ढकलली असेल तर चौकट पण वाकते. लग्नाचे करिझ्मा अल्बम करणारी पोरं हे रोज करतात, पण प्लस साइज म्हणून पैसे घेणाऱ्या मॉडेलच्या फोटोत चौकट वाकलेली दिसली की माझं डोकं फिरतं.

व्हिडिओत अजून बारीक चोरी असते. फाइल लहान करायची म्हणजे बारीक पोत आधी फेकायचा, कॉम्प्रेशन असंच चालतं, चित्राचे चौकोन करून डोळ्याला कमी जाणवेल ते टाकून द्यायचं. त्यात पहिल्यांदा जाते ती कातडी. दंडावरच्या रेघा, पोटाची वळी, स्ट्रेच मार्क्स, सगळं मेणासारखं गुळगुळीत. वर आता एआयनं जुनी क्लिप 'फोरके', म्हणजे जास्त ठिपक्यांची, करायची फॅशन आहे, ते तर नवीन कातडीच रंगवतं, कारण त्या सॉफ्टवेअरला स्ट्रेच मार्क म्हणजे खराबी वाटते. मी माझ्या आवडत्या एका मॉडेलची नव्वदच्या दशकातली क्लिप अशी करून बघितली, तर बाई दुसरीच आली समोर, परत जुनी लावली.

यावर एक किस्सा सांगतो. १९७३ला अमेरिकेत साउदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत इमेज प्रोसेसिंगवाल्यांना टेस्टसाठी फोटो हवा होता, कुणीतरी प्लेबॉयचा नोव्हेंबर १९७२चा अंक घेऊन आलं, त्यांनी मधल्या पानावरचा फक्त वरचा भाग, चेहरा आणि उघडा खांदा, ५१२ बाय ५१२ असा स्कॅन केला. लेना नावाची स्वीडिश मॉडेल. पुढे पन्नास वर्षं फोटोची फाइल लहान करायच्या नवनवीन पद्धती जगभर त्याच चेहऱ्यावर तपासल्या गेल्या, आयट्रिपलई कॉम्प्युटर सोसायटी या इंजिनियर लोकांच्या संस्थेनं तो फोटो घेणं बंद केलं ते २०२४ला. म्हणजे ग्लॅमर फोटोनं टेक्नॉलॉजीला हात दिला हे अगदी खरं, पण बारीक, तरुण, गोऱ्या, नितळ कातडीच्या पोरीच्या फोटोनं. तिच्या जागी हिल्डासारखी कुणी असती तर काय झालं असतं असा विचार मी रेंडरिंग चालू असताना बऱ्याचदा करतो.

डीपफेक, म्हणजे एआयनं एकाचा चेहरा दुसऱ्याच्या अंगावर बसवायचा प्रकार, त्याबद्दल एवढंच, २०१९ला डीपट्रेस कंपनीनं मोजलं तेव्हा नेटवरचे ९६ टक्के डीपफेक व्हिडिओ अश्लील आणि त्या बाईच्या संमतीशिवायचे निघाले. असलं काही ग्रुपवर आलं तर पुढे ढकलू नका. घरात एकट्यानं बघणं वेगळं, फॉरवर्ड करणं वेगळं, आयटी कायद्याचं कलम ६७ आणि ६७ए पाठवणाऱ्याच्या मागे लागतं. आणि मॉडेल खरंच आवडत असेल तर तिच्या स्वतःच्या पानावर पैसे भरून बघा, ओन्लीफॅन्ससारख्या ठिकाणी कंपनी २० टक्के ठेवते आणि बाकी तिला जातात, चोरलेल्या क्लिपचे तिला शून्य.

राहिला हेडसेट. व्हीआरच्या कॅमेऱ्याला दोन लेन्स असतात, साधारण आपल्या डोळ्यांएवढ्या अंतरावर, साडेसहा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. ते अंतर जास्त झालं की समोरची बाई बाहुलीएवढी वाटते, कमी झालं की राक्षसीण. आणि कॅमेरा जवळ ठेवला की पुढे आलेलं अंग फुगतं, मागचं आक्रसतं, त्यामुळे जाड मॉडेलचं अंग जसं आहे तसं दिसणं नशिबाचा भाग. शिवाय १८० अंशात, म्हणजे समोरचं अर्धं जग दाखवणाऱ्या व्हिडिओत, '८के' म्हणून विकतात ते दोन डोळ्यांत वाटून एका डोळ्याला आडवे चार हजारच्या आसपास पिक्सेल (चित्राचे ठिपके) येतात, म्हणजे एका अंशाला बावीस-तेवीस, आपल्या डोळ्याला लागतात साठ. जे बघायला एवढा खर्च करणार ती कातडीच परत गायब.

मी मित्राचा हेडसेट दोन दिवस आणून बघितला. अर्धा किलो वजन नाकावर, चष्मा आत दाबला जातो, आणि मिरजेच्या एप्रिलमध्ये दहा मिनिटांत काचेवर वाफ धरते. तिसऱ्या दिवशी परत दिला. तुम्ही आधी कुणाचा तरी मागून बघा, आणि तोपर्यंत घरच्या टीव्हीचा आस्पेक्ट रेशो तपासा, अजून पण अर्ध्या घरांत तो ताणलेलाच असतो.