तळमजला सहा लाखांनी स्वस्त, पण पुराचं काय?

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं: बडोद्यात मुजमहुड्याकडच्या स्कीममध्ये तळमजल्याचा जुना फ्लॅट तिसऱ्या मजल्यापेक्षा 6 लाखांनी स्वस्त मिळतोय, सासूबाईंच्या गुडघ्यांनाही तोच बरा. दलाल म्हणतो, "विश्वामित्री नदीचं पाणी पंचवीस वर्षांतून एकदा घरात शिरतं, आणि 2024 ला येऊन गेलंय. आता निर्धास्त राहा." कर्ज 20 वर्षांचं. डाउन पेमेंट केल्यावर हातात उरणार 40 हजार.

पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी 4 टक्के. हा आकडा दलालाचा, तूर्त तोच धरू. (31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस कोसळला, पुढे 2024 चा पूर. त्यामुळे माझा त्यावर फारसा भरवसा नाही.) 4 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण तुम्ही एक पावसाळा नाही, वीस पावसाळे विकत घेताय. हिशेब उलटीकडून करा. एक वर्ष कोरडं जाण्याची शक्यता 0.96. लागोपाठ दोन वर्षं कोरडी जाण्याची 0.96 गुणिले 0.96, म्हणजे 0.92. असं वीस वर्षांपर्यंत गुणत गेलात की उरतं 0.44. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी घरात पाणी येण्याची शक्यता 56 टक्के, आणि दोनदा किंवा जास्त वेळा येण्याची 19. काही जण 4 गुणिले 20 करून थेट 80 टक्के सांगून घाबरवतात, तेही चूक.

आणि "येऊन गेलंय" याला काही अर्थ नाही. वरच्या बाजूचं आजवा धरण किती भरलंय आणि वरून किती पडतंय, यावर नदी चालते. मागच्या खेपेची नोंद ती ठेवत नाही.

आता पैसे. कपाटं, फ्रिज, वायरिंग, रंग धरून एका पुराचा फटका अडीच लाख समजा. त्याचे 4 टक्के, म्हणजे वर्षाला सरासरी 10 हजार. उलट 6 लाख जास्त कर्ज काढलंत तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला साधारण 5,200 रुपये हप्ता वाढतो, वर्षाचे 62 हजार. पुढे विकताना तळमजल्याला भाव कमी येईल हे धरूनही तळमजला महाग पडत नाही. मीही आधी "नको" म्हणणार होतो, हिशेब मांडल्यावर मत बदललं.

अडचण त्या 40 हजारांची आहे. सरासरी 10 हजार वहीत दिसतात; पाणी येतं तेव्हा अडीच लाख एका आठवड्यात लागतात, आणि ते दुसऱ्याच वर्षी येऊ शकतं. म्हणून डाउन पेमेंट दोन लाखांनी कमी करा, हप्ता थोडा वाढू द्या, आणि ते दोन लाख एफडीत वेगळे ठेवा. सोबत 'भारत गृह रक्षा' पॉलिसी घ्या. पूर तिच्यात येतो, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख, घरातलं सामानही. बँक कर्जासोबत विमा देईल, त्यात सामान धरलंय का ते वाचून घ्या, बऱ्याचदा नसतं. एवढं जमणार नसेल तर हा फ्लॅट सोडा.

टोकन देण्याआधी एकदा दिवसाउजेडी जा. विजेचं मीटर कुठे बसवलंय बघा. मूळच्या जागेवरून उचलून डोक्याच्या वर नेलेलं असेल, तर पाणी कुठवर आलं होतं ते दलालाला विचारायची गरज नाही. भाव मात्र आणखी पाडून मागा.